स्लाविया की व्हर्टस: बुकिंग करायच्या आधी दोन्ही गाड्या बेळगावात फिरवून बघितल्या, त्याचा हिशेब

आमची फोर्ड फिएस्टा २००९ ची, डिझेल. पंधरा वर्षं झाल्यावर आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, आणि ही पाचही वर्षं तिच्याबरोबरच काढायची असं मी ठरवून टाकलं होतं. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं तेव्हासुद्धा मी घाबरलो नाही. खरं आईच्या गुडघ्यांनी बेत बदलला. तिला आता महिन्यातून दोनदा कोल्हापूरला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि माझाही डावा गुडघा क्लच दाबून दाबून बोलायला लागलाय. म्हणून ऑटोमॅटिक बघायची ठरली.

सेडानच का, हे आधी सांगतो, कारण गेल्या चार महिन्यांत मला हे पन्नास जणांनी विचारलं. उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीपासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांचं एकच, "एसयूव्ही घे की, आता सेडान कोण घेतंय?" आईला आम्ही दोन एसयूव्हींत बसवून बघितलं. तिची उंची चार फूट दहा इंच. चढताना तिला हँडल धरून शरीर वर ओढावं लागतं, आणि उतरताना पाय जमिनीला टेकेपर्यंतचा तो एक क्षण तिच्या चेहऱ्यावर भीती दिसते. फिएस्टात ती आधी पाठमोरी बसते, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घेते. सोळा वर्षांची सवय आहे ती. ती मोडायला लावणारी गाडी मला नको होती.

त्यामुळे यादीत उरल्या स्कोडा स्लाविया आणि फोक्सवॅगन व्हर्टस. दोन्ही २०२२ च्या, स्लाविया फेब्रुवारी-मार्चमध्ये आली, व्हर्टस जूनमध्ये. दोन्ही पुण्याजवळ चाकणला एकाच कारखान्यात बनतात. याआधीची रॅपिड आणि व्हेंटो ही जोडीसुद्धा तशीच होती, त्यांच्याच जागी या दोघी आल्या.

माझं छोटं मशीन शॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. एकाच पॅटर्नवरून, म्हणजे एकाच नमुन्यावरून, ओतलेली बिडाची कास्टिंगं माझ्याकडे येतात, त्यांतल्या अर्ध्यांना एक मशीनिंग होतं, अर्ध्यांना दुसरं, आणि बाहेर पडताना ती दोन वेगळ्या गिऱ्हाइकांच्या दोन वेगळ्या वस्तू असतात. त्यामुळे या गाड्यांबद्दल माझा पहिला प्रश्न हाच होता, की पॅटर्न कुठपर्यंत सारखा आणि मशीनिंग कुठून वेगळं. हे शोधायला मी दोन्ही गाड्या रॅम्पवर चढवून खालून बघितल्या. ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने एका रविवारी रॅम्प मोकळा करून दिला. स्लाविया माझ्या मेव्हण्याच्या शेजाऱ्याची, व्हर्टस शहापूरच्या माझ्या सोनार मित्राची. दोन्ही एक लिटर इंजिनाच्या, दोन्ही ऑटोमॅटिक.

खालून बघितल्यावर मला दोघींत फरक सापडला नाही. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे ट्विस्ट बीम, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. टायरसुद्धा दोघींचे २०५/५५, सोळा इंची. मग टेप काढली. कागदावर दोघींच्या चाकांमधलं अंतर २६५१ मिलिमीटर आहे, आणि टेपही तेच सांगत होती. रुंदी १७५२. व्हर्टसची लांबी ४५६१, स्लावियाची ४५४१, म्हणजे फरक वीस मिलिमीटरचा, आणि तो सगळा बंपरच्या आकारात. डिकी दोघींची ५२१ लिटर. रस्त्यापासूनची उंची दोघींची १७९ मिलिमीटर. एआरएआय या चाचणी संस्थेचं मायलेज एक लिटर ऑटोमॅटिकला स्लावियाचं १८.०७ आणि व्हर्टसचं १८.१२. एप्रिल २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आपटवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने, दोघींना पाच तारे दिले, मोठ्या माणसांसाठीही आणि मुलांसाठीही, आणि गुणसुद्धा दशांशापर्यंत सारखेच. सांगाडा एक, म्हटल्यावर दुसरं काय येणार?

इंजिनही तेच. एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो, ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर. ब्लॉक ॲल्युमिनियमचा. बेळगावच्या फाउंड्रीत बीड ओततात, त्यामुळे असा ब्लॉक बघितला की माझा हात आपोआप त्यावर फिरतो. नाक हलकं राहतं, आणि वळणावर ते कळतं.

एवढं सगळं सारखं असताना लोक छातीठोकपणे सांगतात, "व्हर्टस कडक आहे, स्लाविया मऊ आहे," किंवा बरोबर उलटं. मीही आधी तसंच म्हणालो असतो. हा भाग मला नीट सांगायचा आहे.

आमच्या आईचं माहेर चंदगडकडे. बेळगावातून हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची, मग सीमा ओलांडून शिनोळी आणि पुढे पाटणे फाटा. गाडीची परीक्षा घ्यायला मला याच्याहून चांगला रस्ता माहीत नाही. गावागणिक हंप आहेत, मध्येच गुळगुळीत पट्टा लागतो, पावसाळ्यानंतर कडेला उखडलेलं डांबर असतं, आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो तेव्हा एक चाक मातीत घालावंच लागतं. पहिल्या शनिवारी स्लाविया नेली, दुसऱ्या शनिवारी व्हर्टस. दोन्ही वेळा गाडीत मी, बायको, आई आणि सासरे, आणि येताना डिकीत पंचवीस किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या आणि नाचण्याचं एक पोतं.

पहिल्या शनिवारी आई शांत बसली होती. दुसऱ्या शनिवारी तुरमुरीच्या अलीकडेच म्हणाली, "ही गाडी हाडं मोजतेय रे." मलाही स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवत होती. परत येताना मी मनात निकाल लिहूनही टाकला होता. घरी आल्यावर सवयीने फिएस्टाच्या डिकीतलं प्रेशर गेज काढलं. व्हर्टसच्या चारी चाकांत ४१ पौंड हवा होती. सोनार मित्राला फोन केला, तर म्हणाला, "अरे, पुण्याला जायचं होतं ना, म्हणून पंपावर जास्त भरून घेतली." मेव्हण्याच्या शेजाऱ्याच्या गाडीत मोजली, ३३.

तिसऱ्या शनिवारी दोन्ही गाड्या एकदम नेल्या. दोघींत गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना, एकाच गेजने एकसारखी हवा भरली. जाताना आई एकीत, येताना दुसरीत. बाचीच्या हंपावर मी मुद्दाम तीसच्या वेगाने गेलो, दोन्ही वेळा. शिनोळीला चहा पिताना विचारलं आणि घरी पोचल्यावर परत विचारलं. आई म्हणाली, "मला तर एकच गाडी वाटतेय. सारखं काय विचारतोस?"

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. या दोन गाड्यांची तुलना करताना आधी हवा मोजा. सात-आठ पौंडांचा फरक असेल तर तुम्ही गाडीची नव्हे, हवेची तुलना करताय. शोरूमची गाडी असली तरी मोजा, कुणी काही म्हणत नाही. मी मोजली, तेव्हा तिथल्या पोराने उलट गेज कुठून घेतलं ते विचारून घेतलं.

चार माणसं आणि सामान घेऊन एकही हंप खाली लागला नाही, हेही लिहून ठेवतो. मागे तिसरं मोठं माणूस बसवलं तर खांद्याला खांदा लागतो आणि मधल्याच्या पायाखाली बोगद्याचा उंचवटा येतो, दोघींतही तेवढाच. आमच्यासारख्या चौघांच्या घराला दोन्ही भरपूर मोठ्या आहेत.

मग फरक कुठे? मला सगळ्यात मोठा फरक सापडला तो दोन कंपन्यांत नव्हे, दोन व्हेरियंटांत. वरच्या व्हेरियंटला लेदरेटच्या, म्हणजे नकली चामड्याच्या, सीट येतात, हवा खेळणाऱ्या पुढच्या सीट येतात, दिसायला फार छान. मधल्याला कापडी सीट. आई सुती साडी नेसते. पाठमोरी बसून पाय आत घ्यायचे म्हणजे सीटवर कमरेतून पाव वळसा फिरावं लागतं. लेदरेटवर ती सहज फिरली, खरं मग हंपावर पुढे घसरायला लागली आणि दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसली. कापडावर फिरताना साडी धरून राहते, म्हणून तिला जरा जोर लावावा लागला. खरं एकदा बसली की बसली. शोरूममध्ये ती म्हणाली, "ह्यात सरकायला येत नाही रे," आणि पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाली, "खरं ह्यातच बरं आहे." मी तिच्या बाजूचा दरवाजा धरून उभा होतो. तिने दाराची खालची कड ओलांडताना साडीचा काठ डाव्या हाताने गोळा करून धरला होता आणि उजवा हात माझ्या मनगटावर होता. गाडीच्या माहितीपत्रकात हे कुठं लिहिलेलं नसतं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी त्याला सोबत नेल्याशिवाय बुकिंग करू नका, आणि तुम्हाला जो व्हेरियंट घ्यायचा आहे त्यातच बसवा. टेस्ट ड्राइव्हला बहुतेक वरचाच व्हेरियंट ठेवलेला असतो.

दुसरा फरक माझ्या हाताचा. वीस वर्षांपूर्वी लेथवर तापलेला बुरा लागून माझ्या डाव्या अंगठ्याचं टोक बधिर झालं. गुळगुळीत बटण मला बघितल्याशिवाय सापडत नाही. व्हर्टसचं स्टिअरिंग तीन दांड्यांचं, त्यावर बटणं आहेत, नीट मांडलेली. स्लावियाचं स्टिअरिंग दोन दांड्यांचं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी फिरकी आहे, तिच्यावर चक्क नर्लिंग केलंय. आम्ही गेजच्या आणि मायक्रोमीटरच्या मुठीवर करतो तसं, बारीक खाचांचं. आवाज कमी-जास्त करायला अंगठा त्यावर ठेवला की मला ते बधिर टोकालाही कळतं. नजर रस्त्यावरून हलत नाही. कुणाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. माझ्यासाठी ती नाही, कारण रात्रीच्या वेळी वंटमुरीच्या घाटात मागून ट्रक चढत येत असताना मला बटण शोधायला खाली बघायचं नाहीये.

चेहऱ्याच्या बाबतीत घरात मतभेद आहेत. बायकोला व्हर्टस आवडली, तिचं पुढचं तोंड रुंद आणि साधं आहे, आतला डॅशबोर्डही सरळ रेषेत. मला स्लावियाचा आतला भाग आवडला, डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना गोल एसी व्हेंट आहेत. स्कोडाचे संस्थापक लॉरिन आणि क्लेमेंट १८९५ मध्ये सायकली बनवायला लागले, त्या सायकलींचं नाव स्लाविया होतं. सव्वाशे वर्षांनी तेच नाव चाकणमध्ये बनलेल्या गाडीवर यावं, याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या उद्यमबागेतही सायकल दुरुस्तीच्या दुकानातून सुरू झालेली मंडळी आहेत.

दीड लिटरचाही विचार केला. १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, चार सिलिंडर, आणि भार कमी असला की दोन सिलिंडर आपोआप बंद होतात. भाच्याच्या मित्राची व्हर्टस जीटी घेऊन आम्ही जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलो आणि साखळीहून परत चढलो. काय गाडी आहे! कणकुंबीच्या अलीकडच्या चढावर पुढचा ट्रक दिसला आणि मागे गेला, एवढंच आठवतं. वय पस्तीस असतं आणि दर शनिवारी गोवा असता, तर मी दुसरं काही बघितलंच नसतं. खरं त्या इंजिनाला ऑटोमॅटिक हवी तर डीएसजी येते, सात गिअरची, कोरड्या दुहेरी क्लचची. एक लिटरला येते ती सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर. माझं रोजचं चालणं म्हणजे तिसऱ्या रेल्वे गेटपासून गोगटे सर्कल आणि तिथून खडेबाजार, म्हणजे दहा फूट पुढे आणि थांबा. अशा रांगत्या चालीला तेलात फिरणारा टॉर्क कन्व्हर्टर मला जास्त योग्य वाटतो. आईला झटका बसत नाही. तोच चोर्ला मी मग एक लिटर स्लावियाने चौघांना घेऊन चढलो. पूर्ण जोर १७५० आरपीएमपासून मिळतो, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना पाय थोडा आधी द्यायचा एवढंच शिकावं लागलं. घाट चढायला ती कुठं कमी पडली नाही.

आता पैशाचं. बेळगावात राहणाऱ्याला हा प्रश्न पुण्याच्या माणसापेक्षा वेगळा आहे. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला कर्नाटकात रोड टॅक्स १७ टक्के आणि त्यावर उपकर. तीच गाडी कोल्हापुरात १२ टक्के. पंधरा लाखांची गाडी धरली तर इथे २,५५,००० आणि वर उपकर, तिथे १,८०,०००. पाऊण लाखाच्या वर फरक. त्यामुळे इथं प्रत्येक जण सांगतो, "चंदगडला तुझे मामा आहेत की, त्यांच्या पत्त्यावर एमएच-०९ काढ." मी काढली नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे बारा महिन्यांच्या वर गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो, आणि मग कोल्हापूरच्या टॅक्सचा परतावा मागत एका आरटीओतून दुसऱ्या आरटीओत फिरायचं. शिवाय माझं दुकान इथं, घर इथं, गाडी माझ्या नावावर केए-२२ चीच असावी असं मला मनापासून वाटतं. विमा आणि अपघाताचा दावा मामांच्या पत्त्यावर, हे मला झेपणारं नाही.

कोटेशन वाचताना चष्मा लावून वाचा. या चार महिन्यांत मी निरनिराळ्या कंपन्यांच्या पाच-सहा शोरूमांत गेलो. त्यांतल्या एका ठिकाणी विम्याच्या रकमेत मला न विचारता चार ॲड-ऑन घातले होते आणि मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप मिळून एक 'पॅक' सक्तीचा म्हणून लावला होता. मी बाहेरून विम्याचा भाव काढून आणला, तर पहिल्या वर्षाचाच फरक साडेअठरा हजार निघाला. विमा तिथूनच घेतला पाहिजे असं बंधन नसतं. हे मी शांतपणे सांगितलं, तेव्हा पॅकही सक्तीचा राहिला नाही. उलट दुसरीकडे एक तरुण पोरगा भेटला. आमच्याशी मराठी, फोनवर कन्नड, मॅनेजरशी हिंदी, आणि तिन्ही भाषांत एकच रक्कम सांगत होता. आईसाठी खुर्ची त्याने न सांगता आणून ठेवली. गाडी खालून बघायची आहे म्हटल्यावर वर्कशॉपमध्ये घेऊन गेला आणि मी रॅम्पखाली उभा असेपर्यंत बॅटरी धरून उभा राहिला.

शेवटी आम्ही स्लाविया बुक केली. एक लिटर, ऑटोमॅटिक, मधला व्हेरियंट, कापडी सीट. माझ्या अंगठ्याला तो नर्लिंगचा तुकडा नसता लागला, तर आम्ही व्हर्टस घेतली असती, आणि तेवढ्याच आनंदाने घेतली असती. सोनार मित्राला मी तसं सांगितलंही. तुमच्या गावाहून ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ पडतं, ज्या शोरूममधलं माणूस फोन उचलतं, ज्या गाडीचा हवा तो व्हेरियंट लवकर मिळतो, ती घ्या. दीड लिटर घेणार असाल तर मात्र दोन्ही डीएसजी एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकसारखी हवा भरून चालवा.

रंग आईने निवडला, पांढरा. रात्री लांबून दिसतो म्हणाली. फिएस्टा विकणार नाही, ती दुकानात राहील, मशीनिंग झालेले जॉब मच्छेला पोचवायला. प्रेशर गेज तिच्या डिकीतून काढून मी घरी आणून ठेवलंय. डिलिव्हरीच्या दिवशी पूजेच्या नारळाबरोबर ते न्यायचं आहे.